थेंब वाढवले म्हणून डोळ्याचं प्रेशर उतरत नाही

बार्शीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देते.

"माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरात तपासताना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं कळलं. तेव्हा प्रेशर उजव्या डोळ्यात २८ आणि डाव्यात २६ होतं. डॉक्टरांनी रात्री झोपताना लॅटानोप्रोस्टचा एक थेंब आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचा एकेक थेंब लिहून दिला. महिन्याभराने प्रेशर १७ आणि १६ झालं. चार महिन्यांपूर्वीच्या तपासणीत मात्र ते २१ आणि २० निघालं. तेव्हापासून बाबा रात्रीचं औषध सकाळीही घालतात, कधी दुपारीही. 'आकडा वाढलाय तर औषधही वाढवायला नको का?' असं त्यांचं म्हणणं. टिमोलॉल सकाळी आठवलं तर घालतात; संध्याकाळी हरिपाठाला जातात, तेव्हाचा थेंब बहुतेक राहूनच जातो. डोळे लाल व्हायला लागले म्हणून मेडिकलमधून एक बाटली आणली आहे, ती गेला दीड महिना दिवसातून चार वेळा घालतात, त्याने लाली लगेच जाते. तपासणीला जायच्या आधी दोन-तीन दिवस मात्र सगळं अगदी वेळेवर घालतात. मी त्यांना थांबवू का? तपासणीच्या दिवशी सकाळी थेंब घालावेत की नाही? आणि लेझरने हे सगळं कायमचं सुटतं का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात जाता जाता आलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तिला सगळ्यात कमी वेळ आहे. मेडिकलमधून आणलेली ती लाली घालवणारी बाटली आत्ता हातात घ्या आणि तिच्यावरचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काहीही लिहिलेलं असेल, तर ते स्टिरॉइड आहे. पुष्कळदा ते एखाद्या अँटिबायोटिकच्या जोडीने येतं. ब्रँडच्या नावावरून काहीच कळत नाही, फार तर नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डेक्स' असतं. दीड महिना, दिवसातून चार वेळा आणि लाली लगेच जाते, हे वर्णन वाचून मला स्टिरॉइडचाच संशय येतो आहे.

स्टिरॉइडचे थेंब डोळ्याचं प्रेशर वाढवतात. सगळ्यांचं नाही, पण सर्वसाधारण माणसांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचं काही आठवड्यांत थोडंफार वाढतं आणि शंभरातल्या पाच-सहा जणांचं खूप वाढतं. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. इथे दिवसातून किती वेळा घालतो याला थेट महत्त्व आहे. औषध जितकं तीव्र, जितक्या जास्त वेळा आणि जितके जास्त दिवस, तितका प्रेशर चढण्याचा धोका मोठा. चढ बहुधा दोन ते सहा आठवड्यांत दिसतो. बाबा नेमके त्याच टप्प्यावर आहेत. यात दुखत काहीच नाही. उलट लाली गेल्यामुळे डोळा आधीपेक्षा बरा वाटतो आणि माणूस बाटली आणखी विश्वासाने वापरतो.

म्हणून आज-उद्यातच ती बाटली घेऊन बाबांना डॉक्टरांकडे न्या. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. या औषधाचा पुढचा थेंब डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घालू नये. (एक गोष्ट इतर वाचकांसाठी: ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेसाठी डॉक्टरांनीच स्टिरॉइड दिलं असेल, तर ते मनाने बंद करायचं नसतं. ते हळूहळू कमी करत न्यावं लागतं.) थेंब थांबले की प्रेशर बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत खाली येतं. तोवर डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं जे नुकसान झालं असेल, ते मात्र भरून येत नाही. बाटलीत स्टिरॉइड नसून नुसतं रक्तवाहिन्या आकसवणारं औषध निघालं, तरी तेही काचबिंदूच्या माणसाने डॉक्टरांना न विचारता घालण्यासारखं नाही.

आता बाबांच्या मुख्य हिशेबाकडे येते. आकडा वाढला तर औषध वाढवायचं, हा विचार त्यांनी आळसातून केलेला नाही. माझ्याकडे येणारे बरेच पेशंट थेंब घालायचं टाळतात. तुमचे बाबा जास्त घालतात. त्यांना आपले डोळे सांभाळायचे आहेत. ही तळमळ मोलाची आहे, ती फक्त चुकीच्या बाटलीवर खर्च होते आहे.

डोळ्याच्या आत पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर. तो बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीतून आणि थोडा स्नायूंच्या पेशींमधून बाहेर झिरपतो. तयार होणं आणि निचरा होणं यांचा मेळ बसला की प्रेशर १० ते २१ मिलिमीटर पारा या पट्ट्यात राहतं. काचबिंदूची औषधं यातल्या एका किंवा दुसऱ्या टोकाला हात घालतात. टिमोलॉल द्रव तयार होण्याचं प्रमाण घटवतं. लॅटानोप्रोस्ट निचरा वाढवतं, तोही मुख्यतः स्नायूंमधल्या त्या दुसऱ्या वाटेने.

दोघांच्या वेळा वेगळ्या का, याचं उत्तर इथेच आहे. लॅटानोप्रोस्टचा थेंब बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून आत जाताना त्याचं खऱ्या औषधात रूपांतर होतं. हे औषध काही तासांत डोळ्यातून निघूनही जातं. पण तेवढ्या वेळात ते पेशींना एक काम लावून जातं: स्नायूच्या धाग्यांमधला चिकट भराव विरळ होतो, वाट मोकळी होते. त्यामुळे थेंबानंतर तीन-चार तासांनी प्रेशर उतरायला लागतं, आठ ते बारा तासांनी सगळ्यात खाली जातं आणि परिणाम चोवीस तास, काहींत त्याहूनही जास्त टिकतो. रात्री झोपताना घातलेला थेंब पहाटे आणि सकाळी पूर्ण जोरात असतो. पुष्कळांचं प्रेशर नेमकं पहाटेच्या सुमाराला वर असतं, त्यामुळे हा मेळ चांगला बसतो.

मग सकाळी आणखी एक घातला तर? बहुतेकांना वाटतं की फायदा झाला तर होईल, तोटा तर नाही. पण या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलेलं असतं की दिवसातून एकदाच घालावं, जास्त वेळा घातल्यास प्रेशर उतरवण्याचा परिणाम कमी होऊ शकतो. लॅटानोप्रोस्ट एकदा आणि दोनदा घालून तुलना केली गेली आहे, आणि दोनदा घालणाऱ्यांत प्रेशर थोडं कमीच उतरलेलं दिसलं. फरक फार मोठा नसतो, पण तो उलट्या दिशेचा असतो. पेशींवरचे औषध ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) सतत औषधात बुडून राहिले की बोथट होतात, असा त्यामागचा कयास आहे. बिमाटोप्रोस्ट आणि ट्रॅव्होप्रोस्ट ही याच घराण्यातली औषधं, त्यांनाही हाच नियम.

या औषधाच्या जन्मकथेतही हीच गोष्ट आहे. प्रोस्टाग्लँडिन हा शरीरात सूज आणणारा पदार्थ, तो डोळ्यात गेला तर प्रेशर वाढतं, अशीच पूर्वी डॉक्टरांची पक्की समजूत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले लास्लो बिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली सशांच्या डोळ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मोठ्या मात्रेने प्रेशर आधी चढत होतं. अगदी थोड्या मात्रेने मात्र ते न चढता सरळ उतरत होतं. जुन्या प्रयोगांत सगळ्यांनी मोठ्या मात्राच वापरल्या होत्या, म्हणून उतार कोणाच्या नजरेला आला नव्हता. त्यातून पुढे लॅटानोप्रोस्ट तयार झालं आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. थोडं आणि मोजकं दिलं तरच काम करतं, हा या औषधाचा मूळ स्वभाव आहे. बाबांना हे सांगून पाहा. कारण कळलं की पुष्कळ मंडळी नुसत्या 'नको'पेक्षा लवकर ऐकतात.

जास्तीच्या थेंबांनी आणखी दोन गोष्टी झाल्या असणार. पहिली म्हणजे लाली. लॅटानोप्रोस्टने डोळे थोडे लाल होतातच, विशेषतः सुरुवातीला. शिवाय बाटलीत औषध टिकवण्यासाठी घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड डोळ्याचा वरचा थर कोरडा करतं, चुरचुर आणतं. बाबांच्या डोळ्यांत ते दुप्पट-तिप्पट गेलं. म्हणजे प्रेशर उतरावं म्हणून थेंब वाढवले, त्याने लाली आली, लालीसाठी मेडिकलची बाटली आली आणि ती बाटली बहुधा प्रेशर चढवते आहे. हे चक्र तुटायला हवं, आणि ते पहिल्या टोकाला तोडणं सगळ्यात सोपं आहे: लॅटानोप्रोस्ट आज रात्रीपासून पुन्हा एकदाच. लाली तरीही राहिली, तर डॉक्टरांना विचारून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली घेता येते.

दुसरी गोष्ट पैशांची आणि खंडाची. लॅटानोप्रोस्टच्या अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ऐंशी थेंब निघतात. दोन डोळ्यांना रोज रात्री एकेक म्हणजे महिन्याला साठ, थोडे सांडलवंड धरून बाटली महिनाभर व्यवस्थित पुरते. दोनदा घातलं की ती विसाव्या दिवशी संपते. मग पेन्शन जमा होईपर्यंत, किंवा कोणी सोलापूरला जाऊन नवी आणेपर्यंत, मधले काही दिवस कोरडे जातात का? हे नक्की विचारा. आठवडाभर जास्त आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं चाललं असेल तर डोळ्याला ते फार वाईट.

टिमोलॉलचं गणित निराळं आहे. हे औषध अर्ध्या तासात कामाला लागतं, एक-दोन तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि मग तो हळूहळू ओसरतो. लिहिलेली वेळ सकाळ आणि संध्याकाळ, मध्ये साधारण बारा तास. झोपेत डोळ्यातला द्रव तयार होण्याचं प्रमाण आपोआपच जवळपास निम्म्यावर येतं, म्हणून रात्रभर टिमोलॉलला कमी करण्यासारखं फारसं उरत नाही. त्याचं खरं काम दिवसा आहे, आणि सकाळचा थेंब त्यात जास्त मोलाचा. तोच बाबा 'आठवलं तर' घालतात. १७ वरून २१ कशाने झालं, याचं माझं पहिलं अनुमान हेच आहे. लॅटानोप्रोस्ट त्याचं काम करत होतं, कमी पडत होतं ते दुसरं औषध.

बाबांना त्यांच्याच भाषेत सांगायचं तर असं सांगा. बार्शी-सोलापूरच्या संध्याकाळच्या दोन फेऱ्या रद्द झाल्या, तर दुसऱ्या दिवशी लातूरकडे दोन जादा गाड्या सोडून स्टँडवरची गर्दी हटत नाही. जी फेरी चुकली तीच वेळेवर सुटायला हवी.

हरिपाठाची वेळ त्यांनी सोडू नये. थेंबाची वेळ तिच्या अलीकडे आणा. घरातून निघताना टोपी घालायच्या आधी थेंब, असं बांधून टाका. किंवा डॉक्टरांना सरळ विचारा की लॅटानोप्रोस्ट आणि टिमोलॉल एकत्र असलेली बाटली चालेल का. ती दिवसातून एकदाच घालायची असते. दोन बाटल्यांचे रोजचे तीन थेंब एकावर येतात. कागदावर वेगवेगळी दोन औषधं थोडी सरस असतीलही, पण राहून जाणाऱ्या थेंबापेक्षा पडलेला थेंब नेहमीच चांगला, आणि बाबांच्या बाबतीत मला हा मार्ग पटतो. निर्णय अर्थात त्यांच्या डॉक्टरांचा. त्याआधी डॉक्टरांना एवढं सांगा की बाबांना दमा किंवा जुनाट खोकला आहे का, नाडी मंद चालते का, बीपीच्या गोळ्यांत ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल आहे का. टिमोलॉल डोळ्यात घातलं तरी नाकावाटे रक्तात जातं आणि फुप्फुसांवर, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. दम्याच्या माणसाला ते देत नाहीत.

एखादी वेळ चुकली तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरोघरी तोच प्रश्न असतो. लॅटानोप्रोस्ट एका रात्री राहिलं तर दुसऱ्या रात्री नेहमीसारखा एकच थेंब. भरपाई म्हणून दोन घालायचे नाहीत. त्याचा परिणाम सावकाश ओसरतो, एका रात्रीने आभाळ कोसळत नाही. ब्रिमोनिडीन किंवा डॉरझोलामाइडसारखी दिवसातून दोन-तीनदा घालायची औषधं मात्र आठ-बारा तासांत ओसरतात, त्यांचा चुकलेला थेंब आठवला की घालावा, आणि पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तरच सोडून द्यावा.

किती वेळा घालायचं हा आकडा माणसाच्या दिनक्रमाला किती जड जातो, हे काचबिंदूच्या उपचारात पूर्वीपासून ठाऊक आहे. एके काळी पायलोकार्पिन हेच मुख्य औषध होतं आणि ते दिवसातून चार वेळा घालावं लागे. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायलोकार्पिनच्या बाटलीतच थेंब कधी पडला याची नोंद ठेवणारं यंत्र बसवलं होतं. आपण ९७ टक्के थेंब घातले असं पेशंटनी सांगितलं. यंत्राची नोंद ७६ टक्के होती. ही माणसं खोटारडी नव्हती. चार वेळा घालायच्या औषधात एखादी वेळ निसटली, हे माणसाच्या लक्षातच राहत नाही. तपासणीची तारीख जवळ आली की नियमितपणा वाढतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

आणि हेच तुमच्या घरी चाललं आहे. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बाबा सगळं काटेकोर घालतात. त्यामुळे डॉक्टरांना जो आकडा दिसतो तो त्या दोन-तीन दिवसांचा असतो, मधल्या चार महिन्यांचा नाही. इतकं करूनही तो २१ निघाला, तर डॉक्टर दोनच निष्कर्ष काढू शकतात: औषध पुरत नाही, किंवा काचबिंदू वाढतो आहे. मग तिसरी बाटली येते, खर्च वाढतो, लाली आणखी वाढते, आणि मूळ गोष्ट तशीच राहते. यापेक्षा 'डॉक्टर, संध्याकाळचा थेंब माझ्याकडून होत नाही' हे एक वाक्य पेशंटच्या फार कामाचं आहे. बाबांना ते म्हणायला संकोच वाटत असेल तर तुम्ही म्हणा. चांगला डॉक्टर रागावणार नाही, औषध बदलून देईल. एका कागदावर महिन्याभराच्या तारखा मांडून प्रत्येक थेंबापुढे टिक करत जा आणि तोच कागद तपासणीला न्या.

तपासणीच्या दिवशी थेंब नेहमीसारखे घालूनच जायचं. उपाशीपोटी रक्त तपासायला जातात तसं काही इथे नाही. औषधासकट प्रेशर किती आहे, हेच तर पाहायचं असतं. शेवटचा थेंब कधी घातला ती वेळ मात्र सांगा.

शक्य असेल तर दर वेळी साधारण एकाच प्रहरी तपासणी करून घ्या. डोळ्याचं प्रेशर दिवसभर एकसारखं नसतं. निरोगी डोळ्यातही ते दिवसात तीन ते सहा अंकांनी वर-खाली होतं, काचबिंदूत त्याहून जास्त. आडवं झाल्यावर वाढतं. तपासताना श्वास रोखला किंवा सदऱ्याची कॉलर घट्ट असली तरी आकडा चढतो. एका दमात लिटरभर पाणी प्यायलं तर काचबिंदूच्या डोळ्यात तासाभरासाठी प्रेशर वर जातं, म्हणून सकाळी उठून तांब्याभर पाणी गटागटा पिण्याची सवय असेल तर ते थोडं थोडं प्यावं. शीर्षासनात तर प्रेशर जवळपास दुप्पट होतं. बाबा करत असतील तर ते कायमचं सोडावं लागेल. चालणं, साधे व्यायाम याने काही बिघडत नाही. हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की १७ आणि २१ हे दोन आकडे पाहून घरीच औषध वाढवायचं किंवा कमी करायचं नसतं. त्यातले दोन-तीन अंक वेळेचे असू शकतात. पण २१ म्हणजे अजून 'नॉर्मल' आहे असंही समजू नका. ज्या डोळ्याची नस आधीच दुखावली आहे, त्याच्यासाठी सुरक्षित आकडा बहुधा त्याहून खाली असतो. बाबांसाठी तो किती ठरवला आहे, हे डॉक्टरांना विचारून फाइलवर लिहून घ्या. ओसीटी (नसेच्या थराची जाडी दाखवणारा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (कडेची नजर मोजणारी तपासणी) यांचे जुने रिपोर्टही जपून ठेवा, नव्या रिपोर्टशी ते जुळवून पाहिल्याशिवाय आजार पुढे सरकला की नाही हे कळत नाही.

एकेक अंकाला किंमत आहे. स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रेशर एक मिलिमीटरने उतरलं की काचबिंदू पुढे सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी होताना दिसला. म्हणजे चार अंकांचा फरक ही किरकोळ गोष्ट नाही, आणि तो बहुधा नवं औषध न आणता, आहे तेच औषध वेळेवर घालून मिळण्यासारखा आहे.

थेंब घालण्याची पद्धतही एकदा पाहून घ्या, कारण कितीदा घातला याइतकंच तो आत गेला का यालाही महत्त्व आहे. डोळ्याच्या खोबणीत जेमतेम तीस मायक्रोलिटर मावतात आणि बाटलीतला एक थेंबच तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे दुसरा थेंब गालावरच ओघळणार. हात धुऊन, मान मागे टाकून, खालची पापणी बोटाने ओढून तिच्या खोबणीत एक थेंब सोडायचा. डोळा मिटायचा, चोळायचा नाही, उघडझाप करायची नाही. मग नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबून दोन-तीन मिनिटं बसायचं. तिथून नाकात उतरणारी नळी असते, ती दाबून धरली की औषध डोळ्यात टिकतं आणि घशात, रक्तात कमी जातं. दोन औषधं लागोपाठ असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. बाबांचा हात थरथरत असेल किंवा थेंब पडला की नाही हे त्यांना कळत नसेल, तर लॅटानोप्रोस्टची बाटली फ्रीजमधून काढून लगेच घाला. गार थेंब पडलेला बरोबर जाणवतो. तसंही बार्शीच्या उन्हाळ्यात ही बाटली फ्रीजच्या दारातच ठेवायला हवी, फ्रीझरमध्ये नको. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि महिना झाला की थोडं औषध उरलं तरी ती टाकून द्या.

लेझरबद्दल. सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी, म्हणजे एसएलटी, हा निचऱ्याच्या जाळीवर करायचा काही मिनिटांचा उपचार आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या लाइट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. नव्याने निदान झालेल्या रुग्णांना आधी लेझर दिलं, तेव्हा तीन वर्षांनंतर त्यांच्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक थेंबांशिवाय ठरवलेल्या प्रेशरवर होते. ज्यांना रोजचे थेंब जमत नाहीत, त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे आणि तो डॉक्टरांकडे स्वतःहून विचारायला काहीच हरकत नाही. पण 'कायमचं सुटतं' असं मात्र नाही. परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, पुन्हा करावं लागू शकतं, तपासण्या चालूच राहतात. शिवाय हे लेझर काचबिंदूच्या ज्या प्रकारात निचऱ्याचा कोन उघडा असतो त्याच प्रकाराला चालतं. आपल्याकडे कोन अरुंद असलेले रुग्णही पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी वेगळं लेझर असतं. बाबांचा प्रकार कोणता, हे गोनिओस्कोपी, म्हणजे भिंगातून तो कोन पाहण्याची तपासणी, करून ठरवलेलं असेल. फाइलमध्ये पाहा, नसेल तर विचारा.

बाबांशी बोलताना एक गोष्ट मनात असू द्या. काचबिंदूत सहसा दुखत नाही आणि समोरचं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. आधी जाते ती कडेची नजर, तीही इतकी हळू की एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढत राहतो. म्हणून आपल्याला काही झालेलं नाही असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. या आजारात त्यांच्या हाती धरायला फक्त तो आकडा आहे, आणि आकडा वाढला की त्यांना काहीतरी करावंसं वाटतं. त्यांना काही करू नका असं म्हणू नका. सकाळच्या टिमोलॉलची जबाबदारी द्या, टिकचा कागद त्यांच्याकडेच द्या. इतकी वर्षं तिकिटांचा हिशेब चोख ठेवलेला माणूस आहे, हाही हिशेब ते नीट ठेवतील.

मध्येच कधी डोळा अचानक भयंकर दुखायला लागला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली, नजर धूसर झाली, सोबत डोकेदुखी आणि उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी थांबू नका. जवळच्या नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. अशा वेळी घरातले थेंब वाढवत बसण्यात जाणारा प्रत्येक तास महाग पडतो.

आणि ताई, तुमचं स्वतःचं. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दक्षिण तामिळनाडूच्या गावांत पाहणी केली होती. त्यात काचबिंदू सापडलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना तो आपल्याला आहे हे तोवर माहीतच नव्हतं. बाबांचाही शिबिरात योगायोगानेच कळला. तुम्ही आणि तुमची भावंडं चाळिशीला आला असाल, तर बाबांना न्याल त्याच दिवशी तुमचंही प्रेशर आणि डोळ्याची नस तपासून घ्या. आतली नस नीट दिसावी म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालतील, त्यानंतर काही तास धूसर दिसतं. तेव्हा परत येताना गाडी चालवायला कोणाला तरी सोबत घ्या.